खालचा कप्पा

खोली एकशे चौदा. तीन खाटा, एक लोखंडी कपाट.
कडी ढिली आहे, रात्री कधीतरी आपली आपण पडते
आणि दार उघडतं,
आत बसून कुणी कंटाळल्यासारखं.

वरचा कप्पा फोरमचा. ती गोंडलची.
नवरात्र होऊन महिना झाला तरी
तिच्या चणियाचा घेर कप्प्यात मावत नाही,
माझ्या कप्प्यावर लोंबतो,
सकाळी आरशांचे कवडसे माझ्या सुती कुर्त्यांवर.
"चालशे ने?" ती विचारते.
चालतं.

मधला माझा.
शिवाय खुर्ची माझी, खुर्चीची पाठ, खिडकीचे गज,
दाराची मूठ, पंखा बंद असेल तर पंख्याचं एक पातं.
शहाद्याहून आई फोनवर सांगते,
धुतलेले न धुतलेले एकत्र नको गं ठेवूस.
मी वास घेऊन ठरवते.

खालचा निमिषाचा.
त्यात काही नाही.

म्हणजे जुलैचं एक गुजराती वर्तमानपत्र आहे, नीट अंथरलेलं,
पहिल्या पानावर विश्वामित्रीचं पाणी
आणि कुठल्याशा सोसायटीच्या जिन्यात शिरलेली मगर.
मगरीच्या पाठीवर एक डांबरगोळी.
लिंबाएवढी नव्हे, पण बोराएवढी तरी होती तेव्हा,
आता साबुदाणा झालीय
कशाचीच राखण करता करता.

निमिषाचे कपडे खाटेखाली, बॅगेत,
गुंडाळ्या करून, उभे.
उद्याचा कुर्ता रात्रीच बाहेर, आजचा धुऊन दोरीवर,
दिवेलागणीआधी दोरी मोकळी.
माकडांनी फोरमची सलवार पाण्याच्या टाकीवर नेली,
निमिषाचा साधा रुमालही कधी नेला नाही.
पहाटे तिच्या बॅगेची चेन वाजते
तो आमचा गजर.

शनिवारी वॉर्डन दमयंतीबेन येतात, वही घेऊन.
खुर्चीकडे बघतात, माझ्याकडे बघतात,
मग तिच्या कोपऱ्याकडे बोट: हिच्याकडून शिका.
आम्ही शिकलो. मंगळवारपर्यंत.

नोव्हेंबरात घरून स्वेटर आले. दोन, आणि एक शाल,
बडोद्यात लागणार नाहीत हे आईला पटत नाही.
मी विचारलं, निमिषा, खालचा कप्पा वापरू?
घे की, म्हणाली. लगेच.
मी स्वेटर मगरीवर ठेवले.
ती वही उघडून बसली होती, पान उलटलं नाही,
मग म्हणाली, तसंही फोन आला की निघायचंय.
काका कधीही फोन करतील.
आवरण्यात वेळ नको जायला.

फोरम वेणी घालत होती, हात वरच राहिले.
मला एवढंच सुचलं की
मी घरीसुद्धा अशीच आहे, सगळीकडे पसरलेली,
आणि मला कुणी कधी विचारलं नाही
तू इथे किती दिवस आहेस.

स्वेटर मी परत काढले.
का, तिने विचारलं नाही. वर्तमानपत्राची सुरकुती
तळव्याने सपाट केली.

डिसेंबर गेला. उत्तरायणाचा मांजा दोरीला गुंतून बसला,
अजून आहे, गुलाबी.
फोन येतात, ती गॅलरीत जाऊन घेते,
परत येते, चेन उघडते, लावते.

आणि या शनिवारी
खुर्चीवर, माझ्या ढिगाच्या वर,
एक पिवळी ओढणी. उलटी, एक टोक जमिनीवर.
दमयंतीबेननी पेनाच्या टोकाने उचलली.
"कोनी छे?"
मी माझी म्हणणार होते, सवयीने.

"मारी," निमिषा म्हणाली.
मग पुन्हा, जरा मोठ्याने. "मारी छे, बेन."

वहीत नाव लिहिलं गेलं, पहिल्यांदाच:
बारिया निमिषा, एकशे चौदा.
दंड दहा रुपये.
तिने दिले, सुटे.
पावती घडी न घालता
खालच्या कप्प्यात ठेवली,
मगरीच्या पाठीवर,
आणि उडू नये म्हणून
माझा एक स्वेटर मागून घेतला.